एका प्रश्नाचे अंतर

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी साताऱ्याहून तासगावच्या बाजूला, बहिणीच्या गावी निघालो होतो. कऱ्हाड सोडून एस. टी. विट्याच्या रस्त्याला लागली की खिडकीबाहेरचा रंग बदलत जातो. उसाचा हिरवा मागे पडतो, माळ सुरू होतात आणि मग तासगाव जवळ आले की द्राक्षांच्या बागा दिसू लागतात. मे महिन्यात या बागांवर घड नसतात. छाटणी झालेली असते, वेलींना नवी फूट येत असते, बेदाण्याचा हंगामही उरकलेला असतो. म्हणजे घरात सगळे निवांत असतील, असा माझा अंदाज होता. तो साफ चुकला.

घरात शिरलो तर कोणी बोलेना. फळीवर पेढ्यांचा एक पुडा होता, तोही न सोडलेला. थोड्या वेळाने बहिणीने सांगितले, "पेढे शेजारचे आहेत, दादा. त्यांचा मुलगा स्कॉलरशिपला पास झाला. बासष्ट पडले. आपल्या हिला पहिल्या पेपरला अठ्ठावन्न."

"आणि लागतात किती?"

"साठ."

दाजी ओसरीवर बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "गणित काही हिच्या डोक्यात शिरत नाही. आता मी ठरवलंय. सांगलीच्या क्लाससाठी जे पैसे बाजूला काढले होते, ते धाकट्यासाठी ठेवायचे."

पाचवीतली माझी भाची आतल्या खोलीत दाराआड उभी होती. तिने हे ऐकले होते, आणि पहिल्यांदाच ऐकत होती असेही तिच्या चेहऱ्यावरून वाटले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शिष्यवृत्तीची ही परीक्षा तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती साऱ्या राज्यात एकाच दिवशी घेते. दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न. म्हणजे प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, एकूण १५० गुण आणि वेळ दीड तास. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात, त्यांतला बरोबर पर्याय ओळखून उत्तरपत्रिकेवरचे वर्तुळ काळे करायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दोन्ही पेपरांत निदान ४० टक्के मिळाले, तर विद्यार्थी पात्र ठरतो. अशा पात्र विद्यार्थ्यांमधून गुणवत्तेनुसार काहींनाच प्रत्यक्ष शिष्यवृत्ती मिळते.

ही पद्धत जुनी आहे. १९५४-५५ पासून चौथी आणि सातवीला ही परीक्षा होत असे. २०१६-१७ या वर्षापासून ती पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ साली शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय घेतला. तुमच्या पणजोबांच्या काळी सातवीला 'व्हर्नाक्युलर फायनल' असे. ती पास झालेला माणूस गावात मास्तर किंवा तलाठी होऊ शके, त्यामुळे म्हातारी माणसे अजूनही एखाद्याविषयी "तो फायनल पास होता हो!" असे कौतुकाने सांगतात. सांगायचा मुद्दा असा, की एकाच प्रश्नपत्रिकेने साऱ्या प्रांतातल्या मुलांना मोजायचे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

मोजायचे म्हटले की विज्ञानाचा विद्यार्थी लगेच विचारतो, मोजमापात चूक किती?

भाचीला ५८ गुण पडले, म्हणजे ७५ पैकी २९ प्रश्न बरोबर. पात्र व्हायला ३० बरोबर हवे होते. अंतर एका प्रश्नाचे. शेजारच्या मुलाचे ३१ बरोबर, म्हणजे त्याच्यात आणि हिच्यात दोन प्रश्नांचे अंतर. आता हे दोन-तीन प्रश्न खरोखर ज्ञानाचे होते की नशिबाचे, हे कसे ओळखायचे?

मी भाचीला म्हटले, "तुझी प्रश्नपत्रिका आहे का गं?"

तिने ती जपून ठेवली होती. परिषदेची उत्तरसूचीही घरात फोनवर उतरवून घेतलेली होती. दोघे मिळून आम्ही पेपर पुन्हा एकदा तपासला, पण या वेळी गुण मोजले नाहीत. प्रत्येक प्रश्नाला मी विचारले, "हे उत्तर तू कसं लिहिलंस?"

पहिल्या पंचवीस प्रश्नांत, म्हणजे भाषेत, तिचे १५ बरोबर होते. गणितातले पहिले २० प्रश्न तिने खरोखर सोडवले होते, त्यांतले ९ बरोबर. आणि मग उरलेले ३०? ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मामा, वेळच संपला. बाईंनी शेवटची पाच मिनिटं म्हणून सांगितलं, तेव्हा मी नुसती वर्तुळं काळी केली."

त्या ३० प्रश्नांतले ५ बरोबर आले होते. १५, ९ आणि ५ मिळून २९.

दाजींचे म्हणणे पुन्हा आठवा. गणित हिच्या डोक्यात शिरत नाही! पण गणिताचे तीस प्रश्न तर तिने वाचलेच नव्हते. न वाचलेल्या प्रश्नांवरून डोक्याची परीक्षा कशी व्हावी?

करून पाहा

आता एक प्रयोग. त्यासाठी एक रुपयाची दोन नाणी आणि एक कागद-पेन्सिल एवढेच साहित्य लागते.

दोन्ही नाणी एकदम उडवा. चार गोष्टी घडू शकतात. पहिल्यावर छापा दुसऱ्यावर छापा; पहिल्यावर छापा दुसऱ्यावर काटा; पहिल्यावर काटा दुसऱ्यावर छापा; किंवा दोन्हींवर काटा. चारही शक्यता सारख्या. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर तो बरोबर असण्याची शक्यताही चारात एक. तेव्हा दोन्ही छापा आले की 'उत्तर बरोबर' आणि बाकी काहीही आले की 'चूक' असे आपण ठरवू. अशी तीस वेळा नाणी उडवा आणि बरोबर किती आले ते लिहून ठेवा. झाली भाचीची शेवटची पाच मिनिटे!

हिशेबाने तीसचा चौथा भाग साडेसात. म्हणजे बहुधा सात किंवा आठ यावेत. पण तुम्ही आणि तुमच्या वर्गातल्या मित्रांनी प्रत्येकी एकदा हा प्रयोग केलात, तर सर्वांचे सात-आठ येणार नाहीत. कोणाचे पाच येतील, कोणाचे दहा. संभाव्यतेच्या गणिताने पाहिले तर शंभरात सुमारे ऐंशी वेळा हा आकडा साडेसातच्या खालीवर अडीच इतक्या पट्ट्यात, म्हणजे पाच ते दहाच्या दरम्यान पडतो. उरलेल्या वेळी त्याही बाहेर जातो.

आणि आता खरी गंमत. भाचीला पात्र होण्यासाठी त्या तिसांतले निदान सहा बरोबर यायला हवे होते. आंधळेपणाने तीस वर्तुळे काळी केली, तर सहा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे ऐंशी आहे. पाच किंवा कमी येण्याची सुमारे वीस. म्हणजे त्याच दिवशी, तेवढ्याच ज्ञानावर, तिने तो पेपर शंभर वेळा दिला असता, तर ऐंशी वेळा घरात पेढे आले असते. त्या दिवशी उरलेल्या विसांतला एक दिवस होता, इतकेच.

म्हणून काय ती पास समजायची? मुळीच नाही. उलट ती त्या ऐंशीपैकी एका दिवशी पास झाली असती, तर वेळ पुरत नाही ही खरी गोष्ट घरात कोणालाच कळली नसती, आणि ते मला जास्त वाईट वाटले असते. ५८ आणि ६२ या आकड्यांवरून दोन मुलांपैकी कोण हुशार, हे कोणालाच सांगता येत नाही, एवढाच या प्रयोगाचा अर्थ. मापाचा काटाच जर चार-पाच प्रश्नांनी मागेपुढे हलत असेल, तर त्यावर एका प्रश्नाचा फरक वाचायचा नसतो. परिषदेला कुठे तरी रेघ ओढावीच लागते. शिष्यवृत्त्या मोजक्या, मुले लाखो. पण ती रेघ परिषदेच्या सोयीची. तिच्यावरून घरात मुलीचे भवितव्य ठरवण्याचे कारण नाही.

तासगावात बेदाण्याचे सौदे होतात. तिथे पंधरा किलोचा बॉक्स तीनदा काट्यावर ठेवला, तर तीनदा सारखाच भरतो. काटा एका ग्रॅमने इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. मुलाचे तसे नाही. झोप झाली आहे की नाही, पेपरातला उतारा ओळखीच्या विषयावर आहे की नाही, मागच्या बाकावरचा मुलगा पाय हलवतो आहे का, या सगळ्याने माप बदलते. हे बदल कमी व्हावेत म्हणूनच राज्यस्तरीय परीक्षेत सर्वांना एकच वेळ, एकच सूचना, एकच उत्तरसूची असते. उत्तरे माणूस तपासत नाही. यंत्र कागदावर प्रकाश टाकते. कोऱ्या वर्तुळावरून तो परत येतो, काळ्या वर्तुळात शोषला जातो, आणि किती परत आला यावरून यंत्राला कळते की कोणते वर्तुळ भरले आहे. अर्धवट भरलेले वर्तुळ यंत्राला बुचकळ्यात टाकते ते याचमुळे. परीक्षेनंतर आधी अंतरिम उत्तरसूची निघते, तिच्यावर हरकती मागवतात आणि मग अंतिम सूची ठरते. म्हणजे ज्या पट्टीने मोजायचे ती पट्टीही तपासून घ्यावी लागते.

तरीही एक अडचण उरतेच. समजा, गणितात प्रश्न आला की लोकलच्या मासिक पासाला अमुक रुपये पडतात, तर एका फेरीला किती? ठाण्याच्या मुलाला हा प्रश्न वाचताक्षणी कळेल. आटपाडीच्या किंवा माणच्या मुलाला 'लोकलचा पास' म्हणजे काय याचा आधी विचार करावा लागेल. गणित दोघांना सारखेच येते, पण एकाचे अर्धे मिनिट जाते. जत तालुक्यात तर जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका मराठीबरोबर उर्दू, हिंदी, गुजराती, इंग्रजी, तेलुगू आणि कन्नडमध्येही निघते, ती त्यासाठीच. मात्र भाषांतर केले म्हणजे अनुभवही सारखा झाला, असे नाही.

हा पेच पुष्कळ जुना आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ या दोघांनी मुलांसाठी तीस प्रश्नांची पहिली बुद्धिमापन कसोटी तयार केली. कोणत्या मुलांना शाळेत अधिक मदतीची गरज आहे, ते शोधणे हा तिचा हेतू. पुढे ही कसोटी देशोदेशी गेली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिची नवी आवृत्ती बेतली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. फ्रेंच मुलांचे प्रश्न इथे जसेच्या तसे चालेनात, म्हणून हा खटाटोप. स्वतः बिनेला एका गोष्टीचा राग येई. मुलाची बुद्धी ही ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असे लोक म्हणू लागले, तेव्हा १९०९ मध्ये त्याने त्याविरुद्ध लिहिले. ओसरीवरच्या आमच्या दाजींशी त्याची गाठ पडायला हवी होती!

शितावरून भाताची परीक्षा

घरच्या मंडळींचा आणखी एक घोटाळा होतो. राज्यात होणाऱ्या सगळ्या चाचण्या त्यांना सारख्याच वाटतात. शिष्यवृत्ती ही निवडीची परीक्षा आहे. पण २०२३-२४ पासून शाळांमध्ये तिसरीपासून पुढच्या वर्गांना राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेने नियतकालिक चाचण्या घेतल्या गेल्या. आधी पायाभूत चाचणी आणि मग संकलित. त्यांचा हेतू कोणाला निवडण्याचा किंवा वगळण्याचा नाही. वर्गातल्या किती मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, हे शिक्षकांना कळावे आणि तेवढेच पुन्हा शिकवता यावे, हा आहे. डॉक्टर ताप मोजतो तसे. ताप जास्त निघाला म्हणून कोणी मुलाला ओरडत नाही. पायाभूत चाचणीत कमी पडले म्हणून मात्र ओरडतात. काही घरी तर चाचणीच्या आदल्या रात्री मुलाकडून उत्तरे घोकून घेतात. हे थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरल्याचा आनंद मानण्यासारखे झाले.

तिसरा प्रकार सर्वेक्षणाचा. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या काही निवडक मुलांची चाचणी झाली. 'परख' सर्वेक्षण म्हणतात ते. त्यात एकेका मुलाचे गुण कळवत नाहीत, जिल्ह्याचे आणि राज्याचे चित्र कळते. आपली आजी भात शिजला की नाही हे एक शीत दाबून पाहते ना, तेच हे शास्त्र. फक्त आजी आधी भात ढवळते. वरवरचे शीत घेतले तर तळाचा भात कच्चा राहिलेला कळत नाही. सर्वेक्षणात शाळा आणि मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणाच्या आवडीनिवडीशिवाय निवडतात. हेच ते ढवळणे.

चाचणीचा असा उपयोग करून घेण्याची एक चांगली हकीकत आमच्या साताऱ्यातच घडली आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये जिल्हा परिषदेच्या सुमारे चाळीस शाळा. २०१२ च्या सुमारास तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षक यांनी शिकवण्याची रीत बदलायला घेतली. फळ्याकडे तोंड करून बसण्याऐवजी मुले गटागटाने जमिनीवर बसू लागली. फरशीवर अंक आणि अक्षरे रंगवली गेली. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून मुले स्वतःच हातचा शोधू लागली. कोणत्या मुलाला नेमके कुठे अडते, हे शिक्षक पाहत आणि तिथूनच पुढे नेत. राज्यभरातून शिक्षक या शाळा पाहायला येऊ लागले. २२ जून २०१५ रोजी शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर केला, त्यामागे कुमठ्याच्या अनुभवाचा मोठा वाटा होता, आणि त्याच कार्यक्रमात राज्यात पायाभूत चाचण्या सुरू झाल्या.

काड्यांच्या गठ्ठ्यावरून आठवले. भाचीने सोडवलेल्या वीस गणितांपैकी जी अकरा चुकली होती, ती आम्ही निराळी काढली. तिघांत तिने प्रश्न नीट वाचला नव्हता. 'नाही' हा शब्द सुटला होता. दोघांत उत्तर बरोबर काढून वर्तुळ भलतेच भरले होते. उरलेली सहाच्या सहा अपूर्णांकांची. मी दाजींना हाक मारली. "दाजी, पंधरा किलोचा बॉक्स आहे, त्याचे दोन पंचमांश म्हणजे किती?" दाजी सौद्यातला माणूस, त्यांनी मान वर न करता सांगितले, "सहा किलो." भाची त्यांच्याकडे पाहतच राहिली. तिला शाळेत जे कळत नव्हते, ते तिच्या घरात रोज चालत होते, फक्त त्याला अपूर्णांक म्हणत नव्हते.

घरात काय करावे

मग बहिणीने विचारले, "मी काय करू, दादा? मला पण गणित कधी जमलं नाही बघ."

हे वाक्य मी तिला मुलीसमोर न बोलण्याची विनंती केली. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आईवडिलांना गणिताची धास्ती आहे, ते जर वारंवार गृहपाठाला बसत, तर त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकत आणि स्वतःही गणिताला घाबरू लागत. असे पालक गृहपाठाला फारसे बसत नव्हते, तिथे मुलांना हा तोटा झालेला दिसला नाही. काळजी आणि गणित दोन्ही एकाच वेळी डोक्यात मावत नाहीत. कामापुरती माहिती धरून ठेवणारी आपली स्मृती अगदी छोटी असते, आणि 'आता चुकले तर' या विचाराने तिची बरीच जागा अडते.

मग न शिकलेल्या किंवा गणिताला घाबरणाऱ्या घरांनी करायचे काय? इथे स्मृतीचे शास्त्र मदतीला येते. १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने विसरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगाचा उंदीर तो स्वतःच! निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचे. एका तासात निम्म्याहून अधिक गेलेले असे, एका दिवसाने सुमारे एकतृतीयांश उरे. पण त्यानंतर घसरण मंद होई. महिन्यानेही सुमारे पाचवा हिस्सा शिल्लक असे. म्हणजे विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते. तेव्हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदम दहा तास बसण्यापेक्षा तोच अभ्यास मधे दिवस सोडून वाटून केला तर अधिक टिकतो.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, २००६ चा, रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार बैठकांत वाचला, पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत कागद मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले, तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होते आणि आठवणाऱ्यांना ६१ टक्के! पुस्तक उघडे असते तेव्हा आपल्याला सगळे येते असे वाटते. ते मिटून आठवायला लागलो की जो ताण पडतो, त्याने आठवण पक्की होते.

आता पाहा, पुस्तक मिटून सांगायला लावण्यासाठी विचारणाऱ्याला ते पुस्तक वाचता यायलाच हवे असे नाही. भाचीची आजी शाळेत गेलेली नाही. पण "आज काय शिकलीस? मला सांग बरं. आणि परवा काय सांगितलं होतंस?" एवढे ती विचारू शकते. नातीचे सांगणे अडखळले, की नातीलाच कळते कुठे पान उघडायचे. फेब्रुवारीत, म्हणजे ऐन परीक्षेच्या वेळी, या भागात द्राक्षांची तोडणी असते आणि घरातले सगळे धडधाकट हात बागेत असतात. घरी असते ती आजी. तिला मी शिकवणीच्या बाई करून टाकले.

आणखी एक गोष्ट मी भाचीला विचारली. परीक्षेच्या महिन्यात ती किती वाजता उठत होती? "चारला," ती अभिमानाने म्हणाली. आणि झोपायची? "अकराला." सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेले मेंदूत नीट बसते ते बरेचसे झोपेत. चार ते सहा हे दोन तास अभ्यास म्हणून तिने वहीत लिहून ठेवले होते. ती प्रत्यक्षात झोपेतून कापलेली रक्कम होती. वेळ न पुरण्याचे एक कारण मला तिथेच सापडले असावे, अशी शंका आहे. सिद्ध मात्र मी करू शकत नाही.

वेळेसाठी एक साधी युक्ती केली. ९० मिनिटे आणि ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट बारा सेकंद. पण सगळे प्रश्न सारखे नसतात. म्हणून पहिल्या फेरीत जे लगेच येतात ते सोडवायचे, अडलेल्याला खूण करून पुढे जायचे, आणि दुसऱ्या फेरीत मागे यायचे. उत्तर माहीत नसले तरी वर्तुळ कोरे ठेवायचे नाही. आणि चारांतले दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढे जरी ओळखले, तरी शक्यता चारात एकवरून दोनात एकवर येते. हे दोन नाण्यांऐवजी एकच नाणे उडवण्यासारखे. भाचीला ते लगेच पटले.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो. भाचीने तीस वेळा नाणी उडवली, आठ बरोबर आले. दुसऱ्या खेपेला सहा. तिसऱ्यांदा अकरा आले, तेव्हा ती ओरडलीच. आवाज ऐकून दाजी वर आले. हा काय पोरखेळ म्हणून विचारले. तिने त्यांना सगळा हिशेब समजावून सांगितला. पंधरा, नऊ आणि पाच कसे झाले तेही. ते काही बोलले नाहीत. तिच्या हातातून नाणी घेतली आणि खाली बसून उडवू लागले. मोजायला ती होती.

तीस झाले. भाचीने कागदावरच्या रेघा पुन्हा मोजल्या.

"चार," ती म्हणाली. "नापास, अण्णा."

"थांब," दाजी म्हणाले, "अजून एकदा उडवतो."